जिम कॉर्बेट आणि रॉबिन

हिमालयाच्या दक्षिण उतारावर कुमाऊं नावाचा डोंगराळ मुलूख आहे. आज तो उत्तराखंड राज्यात मोडतो. या मुलखात वर डोंगरमाथ्यावर देवदार आणि बांज यांची राई, तर खाली पायथ्याशी सालवृक्षांचे घनदाट अरण्य आहे. वाघ, बिबळे, अस्वले, सांबरे आणि नाना तऱ्हेचे पक्षी यांचे ते माहेरघरच होय. अशा या मुलखात नैनिताल येथे २५ जुलै १८७५ रोजी जिम कॉर्बेट यांचा जन्म झाला. त्यांचे वडील नैनितालचे पोस्टमास्तर होते. कुटुंब मोठे होते आणि मिळकत बेताची होती. जिम लहान असतानाच पित्याचे छत्र हरपले आणि कुटुंबाचा सारा भार त्यांच्या आईने उचलला.

कॉर्बेट कुटुंब उन्हाळ्यात नैनितालला राही आणि थंडी पडू लागली म्हणजे डोंगर उतरून पायथ्याच्या कालाढुंगी या गावी येई. कालाढुंगीच्या घराभोवती जंगलच जंगल होते. तेच जिमचे क्रीडांगण झाले आणि तीच त्याची पहिली शाळा झाली. या शाळेत पाटी-पुस्तक नव्हते. ओल्या मातीत उमटलेले पाऊल हे तेथील अक्षर होते आणि पाखरांची हाकाटी हा तेथील पाठ होता. जिम पुष्कळदा अनवाणी हिंडे, कारण अनवाणी पायांचा आवाज होत नाही. कोणते पाखरू कशासाठी ओरडते, भेकर भुंकू लागले तर त्याने काय पाहिले असेल, वाळूत उमटलेला ठसा आताचा की रात्रीचा, हे सारे तो हळूहळू शिकला. त्याचा थोरला भाऊ टॉम आणि कुंवरसिंग नावाचा एक गावकरी यांनी त्याला जंगलाच्या अनेक खाणाखुणा शिकविल्या.

जिमच्या हाती प्रथम आली ती बेचकी. तिच्यामागून धनुष्य आले आणि पुढे एका नातलगाने त्याला एक जुनी ठासणीची बंदूक दिली. ही बंदूक मोठी विलक्षण होती. तिची उजवी नळी फुटलेली होती आणि नळ्या व लाकडी दस्ता पितळी तारेने एकत्र आवळलेले होते. एकच नळी उपयोगाची असल्याने आणि दारू-छरे जपून वापरावे लागत असल्याने प्रत्येक बार विचार करूनच उडवावा लागे. उगाच बार उडवायचा नाही, ही शिस्त त्या मोडक्या बंदुकीने मुलाच्या अंगी बाणविली, आणि ती जन्मभर टिकली.

या बालपणात एका कुत्र्याचेही मोठे स्थान होते. घरी रॉबिन नावाचा कोली जातीचा एक वृद्ध कुत्रा होता. जिम सहा वर्षांचा आणि त्याचा धाकटा भाऊ चार वर्षांचा असताना एक चवताळलेली अस्वलीण त्या दोघा मुलांवर चालून आली. त्या वेळी या कुत्र्याने त्या दोघांचे प्राण वाचविले. ही गोष्ट जिम कधीही विसरला नाही.

शाळा संपताच सुमारे अठराव्या वर्षी जिम कॉर्बेट रेल्वेच्या नोकरीत शिरले. पुढे बिहारात गंगेच्या काठी मोकामा घाट येथे त्यांनी मालाच्या चढउताराचे कंत्राट घेतले आणि वीस वर्षांहून अधिक काळ ते काम सांभाळले. तेथे ते हमालांबरोबर राहत, त्यांच्या सुखदुःखांत सहभागी होत. परंतु मन मात्र कुमाऊंच्या रानातच गुंतलेले असे. रजा मिळाली की ते कालाढुंगी गाठीत.

त्या काळी कुमाऊं आणि गढवाल या भागांत नरभक्षक वाघ व बिबळे यांनी हाहाकार माजविला होता. १९०७ साली कॉर्बेट यांनी चंपावतची वाघीण मारली. तिने ४३६ माणसांचे बळी घेतले होते असे सांगितले जाते. वाघीण पडल्यावर कॉर्बेट यांनी तिचे तोंड तपासले. तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे असे दोन्ही सुळे तुटलेले होते, आणि ते तुटले होते कोणा शिकाऱ्याच्या जुन्या गोळीने. नेहमीचे भक्ष्य मारणे अशक्य झाल्यामुळे ती माणसांकडे वळली होती. वाघ हा स्वभावाने माणसाचा वैरी नव्हे. जखम किंवा वार्धक्य त्याला या मार्गाला लावते, असे कॉर्बेट यांचे मत बनले. तेव्हापासून त्यांनी एक नियम कसोशीने पाळला. आपल्या हातून जनावर जखमी झाले, तर ते तसेच सोडून घरी परतायचे नाही. त्याचा माग काढून त्याला वेदनांतून मोकळे करावयाचे. कारण आजचे जखमी जनावर उद्याचे नरभक्षक होऊ शकते.

हा नियम सांगण्यास सोपा, पण आचरण्यास फार कठीण. जखमी बिबळ्या दाट झुडपात शिरला म्हणजे तेथे माणसाचे डोळे निकामी ठरतात. रक्ताचा थेंब पानाखाली दडतो, पावलाचा ठसा पाचोळ्यावर उमटत नाही, आणि तीन पावलांवर दबा धरून बसलेले जनावर दिसत नाही. तेथे उपयोगी पडते ते नाक. आणि नाकाच्या बाबतीत कुत्र्याची बरोबरी माणूस करू शकत नाही.

असा सोबती कॉर्बेट यांना लाभला तो मात्र अगदी अनपेक्षितपणे. एका कडाक्याच्या थंडीच्या सकाळी ते आपल्या परिचयाच्या एका बाईंबरोबर असताना एक विक्रेता कुत्र्याची पिल्ले घेऊन आला. एका घाणेरड्या टोपलीतून त्याने सात पिल्ले जमिनीवर ओतली. ती स्पॅनियल जातीची आहेत आणि त्यांचा बाप शिकारीत तरबेज आहे, असे त्याने सांगितले. याहून अधिक वंशावळ कोणालाच ठाऊक नव्हती. कॉर्बेट यांना कुत्रे विकत घ्यावयाचे नव्हते. ते केवळ पाहत उभे होते.

शिकारी कुत्रा निवडताना जाणते लोक पिल्लाची छाती, पाय, डोळे आणि चपळाई पाहतात. त्याचे आईबाप कसे होते याची चौकशी करतात. या कसोट्या लावल्या असत्या, तर सातांपैकी एक पिल्लू सर्वांआधी बाजूला काढले गेले असते. ते सर्वांत लहान, सर्वांत हडकुळे आणि उपासमारीने अगदी मरणाच्या दारी पोहोचलेले होते. पण आपल्या भावंडांना सोडून ते पिल्लू पुढे आले, कॉर्बेट यांच्याभोवती त्याने एक फेरी मारली आणि त्यांच्या दोन पावलांमध्ये अंगाचे वेटोळे करून ते बसले. कॉर्बेट यांनी त्याला उचलून कोटाच्या आत घेतले. त्याच्या अंगाला विलक्षण दुर्गंधी येत होती. तरीही ते पिल्लू त्यांचे तोंड चाटू लागले. तीन महिन्यांच्या आतबाहेर असलेले ते पिल्लू कॉर्बेट यांनी पंधरा रुपयांस विकत घेतले. पाहू गेल्यास धन्याने कुत्र्याची निवड केली त्याआधीच कुत्र्याने धन्याची निवड केली होती.

घरी आणल्यावर त्याला पोटभर जेवण मिळाले आणि ऊन पाण्याने व साबणाने स्नान घडले. त्याचे पूर्वीचे पिंचा हे नाव टाकून देण्यात आले आणि बालपणी प्राण वाचविणाऱ्या त्या वृद्ध कुत्र्याच्या स्मरणार्थ त्याला रॉबिन हे नाव देण्यात आले. वेळच्या वेळी मिळणाऱ्या अन्नाने रॉबिन थोड्याच आठवड्यांत टवटवीत झाला.

मूल असो वा पिल्लू, त्याचे शिक्षण लवकर सुरू झालेले बरे, असे कॉर्बेट यांना वाटे. शिकारी कुत्र्याला पहिला धडा द्यावयाचा तो बंदुकीच्या आवाजाचा. तो आवाज एकदम कानाशी झाला, तर पिल्लू जन्माचे भित्रे होते. म्हणून थोड्या अंतरावरून बार काढून त्याला त्याची सवय लावावी लागते. या हेतूनेच एका सकाळी कॉर्बेट रॉबिनला घेऊन बाहेर पडले. पण काटेरी झुडपांपाशी येताच एक लांडोर उडाली, आणि पाठीशी रॉबिन आहे याचे भान न राहून कॉर्बेट यांनी बार काढला. पक्षी झुडपात पडला. रॉबिन आवाजाने दचकून पळाला असेल असे कोणासही वाटेल. परंतु तो काट्यांत घुसला होता! झुडपाच्या पलीकडे जाऊन कॉर्बेट पाहतात तो मोडक्या पंखाची लांडोर रानाकडे धावत आहे आणि तिची शेपटी तोंडात घट्ट धरून ते इवलेसे पिल्लू तिच्यामागे फरफटत चालले आहे. त्या दिवशीचा पाठ तेथेच आटोपला. घरी परतताना कुत्रा आणि धनी या दोघांपैकी अधिक अभिमान कोणास वाटत होता, हे सांगणे कठीण होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. त्या काळी पक्ष्यांची शिकार ही सर्रास चालणारी गोष्ट होती. आज मात्र मोर हा आपला राष्ट्रीय पक्षी आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मोराची व इतर वन्य प्राण्यांची शिकार करण्यास बंदी घातली आहे.

पुढे काही दिवस रॉबिनला लावे, होले, क्वचित तित्तर असे लहान पक्षीच उचलून आणण्याचा सराव देण्यात आला. शिक्षण सोप्याकडून कठीणाकडे चालले होते. उन्हाळा पहाडात घालवून कुटुंब नोव्हेंबरात पायथ्याकडे निघाले. पंधरा मैलांच्या चालीच्या अखेरीस एका वळणावर वानरांचा मोठा कळप लागला. त्यांतील एक वानर अगदी रॉबिनच्या नाकासमोरून रस्ता ओलांडून गेले. तरुण रक्त ते! धन्याच्या शिटीकडे दुर्लक्ष करून रॉबिन त्याच्यामागे उतारावरून धावला. खाली झुडपे होती. रॉबिन त्यांत शिरला मात्र, तोच कान पाडून आणि शेपूट आत घेऊन जिवाच्या आकांताने बाहेर पळत सुटला. आणि त्याच्या पाठीमागे एक भला मोठा बिबळ्या झेपा टाकीत येत होता. कॉर्बेट यांच्या हाती शस्त्र नव्हते. त्यांनी आणि बरोबरच्या लोकांनी आरडाओरडा केला. वानरांनीही धोक्याची हाकाटी सुरू केली. बिबळ्याचा पंजा रॉबिनपर्यंत पोहोचणार इतक्यात तो अचानक वळला आणि दरीत नाहीसा झाला. रॉबिन वळसा घालून रस्त्यावर परत आला.

त्या दिवशी रॉबिनला कोणी रागावले नाही आणि रागावण्याची गरजही नव्हती. वानरांच्या मागे लागू नये आणि वानरांची विशिष्ट हाकाटी ऐकू आली म्हणजे जवळपास बिबळ्या आहे हे ओळखावे, असे दोन धडे तो एका क्षणात शिकला आणि ते तो पुढे कधीही विसरला नाही.

हिवाळ्यात शिक्षण पुन्हा सुरू झाले, परंतु एक दुःखद गोष्ट उघडकीस आली. लहानपणच्या उपासमारीने रॉबिनचे हृदय दुबळे झाले होते. थोडे श्रम होताच त्याला मूर्च्छा येई. पक्ष्यांमागे धावण्याचे काम त्याच्यासाठी कायमचे संपले. एखादा व्यवहारी धनी म्हणाला असता की, पंधरा रुपये वाया गेले. कॉर्बेट यांनी तसा विचार केला नाही. धनी रानात जात असता घरी बसणे यासारखे दुःख शिकारी कुत्र्याला दुसरे नाही, हे ते जाणून होते. ज्या कामात धावावे लागत नाही असे काम त्यांनी रॉबिनसाठी शोधून काढले. मोठ्या जनावरांचा माग काढण्याचे काम सावकाश, पावला-पावलाने आणि संपूर्ण शांततेत चालते. तेथे वेगाला किंमत नसते. किंमत असते ती नाकाला, धीराला आणि मौनाला.

येथून या दोघांची खरी जोडी जमली. दोघे पहाटे निघत आणि वाघाचा किंवा बिबळ्याचा माग शोधीत. जेथे धुळीत वा वाळूत पंजे उमटलेले असत, तेथे कॉर्बेट माग काढीत. जनावर गवतात वा झाडोऱ्यात शिरले आणि ठसे दिसेनासे झाले म्हणजे रॉबिन पुढे होई आणि गंधावरून माग काढी. अशा रीतीने ते कित्येकदा एकाच जनावराच्या मागे मैलचे मैल चालत. एकाचे डोळे आणि दुसऱ्याचे नाक मिळून जणू एकच शिकारी तयार झाला होता. मात्र या सहकार्यात एक अट होती. कुत्र्याने केलेल्या बारीकशा खुणेवरही धन्याचा विश्वास हवा आणि धन्याच्या बोटाच्या इशाऱ्यावर कुत्र्याचा. कुत्रा नको त्या वेळी भुंकला किंवा धन्याने त्याच्या इशाऱ्याकडे काणाडोळा केला, तर दोघांच्याही जिवावर बेतण्याचा संभव होता.

या विश्वासाची एकदा कठोर परीक्षा झाली. कॉर्बेट यांच्या गोळीचा नेम थोडक्यात चुकला आणि एक मोठा बिबळ्या जखमी होऊन झाडोऱ्यात शिरला. नियमाप्रमाणे दोघे त्याच्या मागावर गेले. माग काढीत असता बिबळ्या अकस्मात अंगावर चालून आला. त्या भयंकर क्षणी रॉबिनचे धैर्य सुटले आणि तो पळाला. कॉर्बेट यांना त्या संकटाला एकट्याने तोंड द्यावे लागले. सुदैवाने ते बचावले. थोड्या वेळाने रॉबिन परत आला, तो अगदी खजील होऊन. त्याला आपली चूक कळली होती.

अशा प्रसंगी पुष्कळ शिकारी कुत्र्याला चाबकाने फोडून काढतात किंवा त्याला कायमचे घरी बसवितात. कॉर्बेट यांनी यांतले काहीच केले नाही. भीती ही प्रत्येक प्राण्याला असते, ती आपणासही असते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी नरभक्षकांच्या कथा लिहिताना स्वतःला वाटलेली भीती कोठेही लपविलेली नाही. त्यांनी रॉबिनला जवळ घेतले आणि तो प्रसंग तेथेच संपविला. पुढे त्याचा उच्चारही करावयाचा नाही असे ठरविले. बरोबर हिंडण्याच्या इतक्या वर्षांत संकटाच्या वेळी रॉबिनने साथ सोडली ती या एकाच वेळी. पळून गेलेला कुत्रा परत आला, याला कॉर्बेट यांनी पळण्यापेक्षा अधिक महत्त्व दिले.

१९३० सालच्या हिवाळ्यात कॉर्बेट यांनी पवलगढचा प्रसिद्ध वाघ मारला. तो जखमी झाल्यावर त्याच्या मागावर जाताना रॉबिन त्यांच्या बरोबर होता आणि त्याच्या नाकावर भरवसा ठेवूनच ते झाडोऱ्यात पाऊल टाकीत होते. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, पाठीच्या वळणावरून मोजल्यास हा वाघ १० फूट ७ इंच भरला. तो नरभक्षक नव्हता. इतका मोठा वाघ मारावा अशी त्या काळच्या अनेक शिकाऱ्यांची इच्छा होती आणि कॉर्बेटही तिला अपवाद नव्हते. परंतु वर्षे लोटली तसे त्यांचे मन पालटत गेले. वाघाचे कातडे भिंतीवर टांगण्यापेक्षा त्याचे चित्र घेणे हे अधिक कठीण आणि अधिक आनंदाचे आहे, असे त्यांना वाटू लागले. त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि कित्येक महिने चिकाटीने बसून वाघांचे चलच्चित्रण केले. १९३६ साली भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान कुमाऊंच्या पायथ्याशी स्थापन झाले. त्यासाठी झटणाऱ्यांत कॉर्बेट हे एक होते.

१९४४ साली कुमाऊंच्या नरभक्षकांवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्यांची कीर्ती जगभर पसरली. त्यांच्या पुस्तकांची अनेक भाषांत, मराठीतही, भाषांतरे झाली आहेत. त्या पहिल्या पुस्तकात मोठमोठ्या वाघांच्या कथांच्या जोडीने एक संपूर्ण प्रकरण त्यांनी रॉबिनला दिले आहे. ते लिहिले जात होते तेव्हा रॉबिन तेराव्या वर्षाच्या घरात होता. कुत्र्याच्या आयुष्यात हे वय फार झाले. तो धन्याच्या पायांशी अंथरुणावर पडून असे. त्या अंथरुणावरून तो पुन्हा उठणार नव्हता. ज्या पिल्लाने एकदा त्या पावलांमध्ये आसरा शोधला होता, त्याची अखेरही त्या पावलांपाशीच व्हावयाची होती.

कालाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी नावाचे गाव कॉर्बेट यांनी वसविले होते. तेथील शेतकऱ्यांच्या पिकांचे रानटी जनावरांपासून रक्षण व्हावे म्हणून त्यांनी गावाभोवती दगडी भिंत बांधविली. गावकरी प्रेमाने त्यांना कार्पेट साहिब म्हणत. १९४७ साली ते आपली बहीण मॅगी हिच्यासह आफ्रिकेतील केनया देशात गेले आणि तेथे न्येरी गावी १९ एप्रिल १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे कुमाऊंच्या त्या राष्ट्रीय उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले. वाघांच्या संरक्षणाची देशव्यापी योजना १९७३ साली सुरू झाली, तीही याच उद्यानातून. एका शिकाऱ्याचे नाव वाघांच्या आश्रयस्थानाला दिले जावे, हा मान जगात फार थोड्यांच्या वाट्याला आला असेल.

कालाढुंगीच्या त्यांच्या घरात आता संग्रहालय आहे. दूरदूरचे लोक ते पाहण्यासाठी येतात. घराच्या आवारात झाडांच्या सावलीत एक लहानशी समाधी आहे. ती कोणा राजाची नव्हे, कोणा सेनापतीची नव्हे. सात भावंडांत सर्वांत दुबळ्या ठरलेल्या आणि पंधरा रुपयांस विकत घेतलेल्या रॉबिनची ती समाधी आहे.